आपल्याच फील्डमधलं कळतं म्हणून त्याच सेक्टरचे शेअर घ्यावेत का?

अंबडवाला_क्यूए

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो. मी अंबड एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्वालिटी अश्युरन्सला आहे, बी.फार्म झाल्यापासून हेच काम. पीएफ आहे, दोन एसआयपी चालू आहेत, बाकी शेअर मार्केटशी संबंध नाही. आता सिन्नरकडची वडिलोपार्जित जमीन विकली गेली आणि माझ्या वाट्याची रक्कम हातात आली. घरचे म्हणतात एफडी कर आणि मोकळा हो. मला वाटतंय यातला बराचसा भाग फार्मा शेअरमध्ये टाकावा, मी निवडून, कारण या एका विषयात मला टीव्हीवर बोलणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

उदाहरण देतो. यूएसएफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचं, इन्स्पेक्शन झालं की कंपनी एक्स्चेंजला कळवते, अमुक प्लांटला फॉर्म ४८३ (इन्स्पेक्शनमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी) आला, इतकी ऑब्झर्व्हेशन्स आहेत. मार्केट फक्त आकडा मोजतं. सात आली की शेअर पडला, दोन आली की सगळे खूश. पण आम्हाला माहितीये की सातही एसओपी (कामाची लेखी पद्धत) आणि ट्रेनिंग रेकॉर्डची असतील तर पंधरा वर्किंग डेजमध्ये नीट उत्तर दिलं, कापा (चूक सुधारायची आणि परत होऊ न द्यायची योजना) व्यवस्थित लिहिला की बहुतेक वेळा मिटतं, आणि दोनातलं एक जरी डेटा इंटिग्रिटीचं असेल, म्हणजे ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं त्याची आपोआप होणारी नोंद) बंद ठेवलाय, फेल गेलेलं सॅम्पल परत रन करून पहिला रिझल्ट उडवलाय, तर तो प्लांट लवकर सुटत नाही. वॉर्निंग लेटर तर त्यांच्या साइटवर कोणालाही फुकट वाचता येतं, आणि मी ते वाचलं की त्या प्लांटमध्ये मॅनेजमेंट कसं चालतंय ते मला समजतं.

मग हे ज्ञान पैशात का बदलू नये? स्वतःच्या कंपनीचा शेअर घेणार नाही, तेवढं कळतं. बाकीच्या कंपन्यांचं विचारतोय. कोणी आपल्या फील्डच्या जोरावर खरंच चांगले शेअर निवडलेत का, की हा नुसता समज आहे? टिप नकोय, अनुभव सांगा.

द्वारका_टायर

माझं टायरचं दुकान आहे, कुठला ब्रँड उचलतोय, कुठल्या टायरच्या तक्रारी येतायत हे कंपनीच्या सेल्समनच्या आधी मला कळतं. पण टायर कंपनीचा नफा बघायला गेलात तर रबराचा भाव आणि क्रूड यावर जास्त हलतो. माझ्याकडे गिऱ्हाईक तेवढंच आणि तिकडे रबर महागलं की कंपनीचं मार्जिन गेलं, तसंच उलटही. दुकानात बसून त्यातलं काही दिसत नाही. म्हणून मी या भानगडीत पडलो नाही.

ओझरकर_काका

क्यूए भाऊ, प्रश्न चांगला विचारलात, आमच्या ओझरचं सांगतो, बघा काही उपयोग होतो का. मी एचएएलमधून रिटायर झालो, सगळी नोकरी विमानांच्या असेंब्लीत गेली.

२०१८ च्या मार्चमध्ये एचएएलचा आयपीओ आला. भाव १२१५ ते १२४०, कर्मचाऱ्यांना आणि रिटेलला, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांना, २५ रुपये सूट. आता मला सांगा, या कंपनीची माहिती आमच्या टाऊनशिपपेक्षा जास्त कुणाला असणार होती? विमान कसं बनतं, कुठे अडतं, कोण काम करतं, सगळं डोळ्यासमोर. आणि आम्हाला काय दिसत होतं, तर सुखोईची ऑर्डर संपत आलीये, त्यानंतर लाइनवर काय येणार ते कोणी सांगत नाही, हवाई दलाकडून येणं थकलंय. २०१९ च्या सुरुवातीला तर पगारासाठी बँकेकडून उचल घ्यायला लागली, पेपरात आलं होतं ते. आयपीओचा रिटेल हिस्सा निम्मासुद्धा भरला नव्हता, लिस्टिंग भावाच्या खाली झालं आणि २०२० च्या मार्चमध्ये शेअर सहाशेच्याही खाली आला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दोन वर्षांत विकून टाकले. त्यांना दोष देता येणार नाही, त्यांना जे दिसत होतं ते खरंच होतं.

नंतर काय झालं तुम्हाला माहितीच आहे. फेब्रुवारी २०२१ ला ८३ तेजसची ऑर्डर आली, ४८ हजार कोटींच्या आसपास, सरकारने संरक्षणात देशी माल घ्यायचं धोरण लावून धरलं, आणि शेअर असा पळाला की २०२३ ला एका शेअरचे दोन झाल्यानंतरही २०२४ मध्ये पाच हजाराच्या वर गेला. यातली एक तरी गोष्ट शॉप फ्लोअरवर आधी कळण्यासारखी होती का? नाही. दिल्लीत ठरलं आणि आम्हाला पेपरातूनच समजलं. पुढे २०२५ च्या सुरुवातीला तोच शेअर बत्तीसशेच्याही खाली उतरला, तेव्हा एक मोठी अडचण काय तर अमेरिकेतून तेजसची इंजिनं वेळेवर येत नव्हती. इथली माणसं कामाला कमी पडत नव्हती हो, ओझरला तेजसची नवीन लाइन उभी राहिली, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून पहिलं मार्क वन ए उडालंसुद्धा, मला त्याचा फार अभिमान आहे. पण तो अभिमान आणि शेअर कधी घ्यायचा कधी विकायचा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

ज्यांनी धरून ठेवले त्यांचं चांगलं झालं. पण ते विमानातलं जास्त कळत होतं म्हणून धरून बसले असं मला तरी दिसलं नाही. बहुतेकांना पैशाची गरज नव्हती म्हणून ते पडून राहिले.

गंगापूररोड_सीए

ओझरकर काकांनी फार महत्त्वाचं सांगितलंय, मी त्याला आकडे आणि अभ्यास जोडते. व्यवसायाने सीए आहे, आधी मुंबईत रिसर्चमध्ये होते, फार्मा बघायचे, त्यामुळे क्यूए दादा तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे.

तुमच्या प्रश्नावर नेमका अभ्यास झालेला आहे. नॉर्वेमध्ये डॉस्केलँड आणि ह्विडे या दोघांनी देशातल्या सगळ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचे दहा वर्षांचे शेअर व्यवहार तपासले, २०११ ला प्रसिद्ध झालं. प्रत्येकाची नोकरी कुठल्या इंडस्ट्रीत आहे हेही त्यांच्याकडे होतं. स्वतःच्या कंपनीचे शेअर वगळूनसुद्धा लोकांच्या पोर्टफोलिओचा ११ टक्के भाग आपल्याच इंडस्ट्रीतल्या कंपन्यांमध्ये होता. नोकरी आणि पैसा एकाच ठिकाणी अडकवायचा धोका घेतलाय म्हटल्यावर निदान परतावा तरी जास्त मिळायला हवा ना. तो मिळालाच नाही, ज्या ज्या पद्धतीने मोजला त्या प्रत्येक पद्धतीत बाजारापेक्षा कमीच आला. त्यांनी कारण दिलं अतिआत्मविश्वास. माणसाला एखादी गोष्ट ओळखीची वाटते आणि तो धरून चालतो की आपल्याला ती इतरांपेक्षा जास्त कळते, आणि त्या भरवशावर खरेदी-विक्रीही जास्त करतो.

आता तुमच्या ४८३ वर येते. तुमचं वाचन बरोबर असणार याबद्दल मला शंका नाही. पण मोठ्या फंडांकडे फार्मा रेग्युलेटरीतून निवृत्त झालेले लोक सल्लागार म्हणून असतात, अमेरिकेतल्या माहितीच्या कायद्याखाली ४८३ ची पूर्ण प्रत मागवून विकणाऱ्या सर्व्हिसेस आहेत, आणि टीव्हीवर आकडा दाखवतात म्हणून भाव त्या आकड्यावरच ठरतो असं नाही. तुमची तुलना टीव्हीवरच्या माणसाशी करू नका, तुम्ही शेअर घेता तेव्हा समोर विकणारा कोण आहे त्याच्याशी करा, आणि लार्ज कॅप फार्मात तो बहुतेक वेळा एखादा फंडच असतो.

आणि समजा तुम्हाला त्याच्याहूनही जास्त कळलं. तरी सन फार्माचं हलोल बघा. डिसेंबर २०१५ ला वॉर्निंग लेटर, आणि सात वर्षांनी, डिसेंबर २०२२ ला त्याच प्लांटवर इम्पोर्ट अलर्ट, म्हणजे तिथला माल अमेरिकेत अडवायचा आदेश. तुमच्यासारख्या क्वालिटीतल्या माणसाने ते वाचून काय ठरवलं असतं? या कंपनीपासून लांब राहा. प्लांटबद्दल हा निष्कर्ष अगदी योग्य होता. शेअर इम्पोर्ट अलर्टच्या वेळी हजाराच्या आसपास होता आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एकोणीसशेच्या आसपास गेला. कारण तोपर्यंत कंपनीचा नफा हलोलवर तेवढा अवलंबून राहिलाच नव्हता, भारतातला धंदा वाढत होता आणि अमेरिकेत इलुम्यासारखी स्पेशालिटी औषधं चालत होती. क्वालिटीतल्या माणसाला कंपनीचा प्लांट दिसतो, पण शेअरच्या भावात प्लांट, पेटंट, अमेरिकेतली प्राइस इरोजन (औषधांचे भाव घसरत जाणं), डॉलरचा दर, मॅनेजमेंटने कुठे पैसे घातले, आणि मुख्य म्हणजे लोकांनी आधीच काय धरून ठेवलंय, हे सगळं येतं, आणि त्यातल्या एका भागात तज्ज्ञ असलं की बाकीचे भाग नकळत लहान वाटायला लागतात. मी स्वतः ज्या डॉक्टरांचे रिटर्न भरते त्यांच्यातही हेच बघते, औषध चांगलं आहे म्हणून कंपनी चांगली आणि कंपनी चांगली म्हणून शेअर चांगला, या दोन उड्या ते न थांबता मारतात.

अजून एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बेसेमबाइंडर नावाच्या प्राध्यापकांनी १९२६ ते २०१६ मधले अमेरिकेतले सगळे शेअर तपासले. सरकारी ट्रेझरी बिलापेक्षा (सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जरोख्यापेक्षा) जास्तीची जी काही संपत्ती शेअर बाजाराने निर्माण केली ती सगळी फक्त ४ टक्के कंपन्यांनी केली, आणि निम्म्याहून जास्त शेअरना तर त्या बिलाएवढाही परतावा देता आला नाही. म्हणजे चार-पाच शेअर निवडले आणि ते मोठे विजेते त्यात नसले, तर निवड दिसायला कितीही विचारपूर्वक असो, तुम्ही मागे पडता. इंडेक्स फंड निर्देशांकातले सगळेच शेअर घेतो, म्हणून त्यात ते आपोआप येतात.

आणि तुमचा पगार फार्मातून येतो हे विसरू नका. २६ सप्टेंबर २०२५ आठवतोय का? अमेरिकेने ब्रँडेड औषधांवर १०० टक्के टॅरिफ जाहीर केलं, आपल्याकडून जास्त जातं ते जेनेरिक, त्याला तो लागणार नव्हता, तरी एका दिवसात फार्मा इंडेक्स दोन टक्क्यांच्या वर पडला. उद्या खरंच जेनेरिकवर काही आलं तर तुमचं प्रमोशन, तुमची नोकरी आणि जमिनीचे पैसे तिन्ही एकाच दिवशी धोक्यात.

अंबडवाला_क्यूए

ताई, मनापासून आभार. हलोलचं उदाहरण वाचून थांबलोच, मी तो इम्पोर्ट अलर्ट वाचला होता आणि माझं मत तुम्ही लिहिलंय तेच झालं होतं. पण एक विचारतो, मोठ्या कंपन्यांना फंडवाले बघतात हे मान्य, छोट्या लिस्टेड कंपन्यांना तर कोणी बघत नाही. तिथे तरी फील्डमधल्या माणसाला काही फायदा असेल ना?

सातपूर_व्हेंडर

आहे. इथे मी वेगळं बोलणार आहे, सीए ताईंबद्दल आदर ठेवून.

माझं सातपूरला छोटं वर्कशॉप आहे, मशीन्ड पार्ट्स करून देतो ऑटो आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना, वडिलांपासूनचा धंदा. कंपनी चांगली की वाईट हे ताळेबंद येण्याआधी व्हेंडरला कळतं असं माझं ठाम मत आहे, कारण कंपनीला पैशाची ओढाताण सुरू झाली की सगळ्यात आधी पेमेंट आमचं थांबतं. आधी ४५ दिवस, मग साठ, मग अकाउंट्सवाला फोन उचलेना, मग रिजेक्शन वाढतं, कालपर्यंत चालणारा माल अचानक टॉलरन्सच्या बाहेर निघतो. एका लिस्टेड कंपनीचं असं सुरू झालं तेव्हा मी तिचं काम कमी करत आणलं, शेअर घ्यायचा प्रश्नच नव्हता, पुढे ती कंपनी अडचणीत आलीच. नाव घेत नाही.

पण याच अनुभवाने मी रिपोर्ट वाचायला शिकलो. २०२१ पासून ताळेबंदात देणी किती जुनी आहेत याचा तक्ता द्यावाच लागतो, त्यात एमएसएमईचं (लहान-मध्यम उद्योगांचं) वेगळं दाखवतात, आणि येणं किती जुनं तेही. आता आयकराचं ४३बी(एच) कलम आल्यापासून, म्हणजे २०२३-२४ या वर्षापासून, मायक्रो आणि स्मॉलवाल्यांचं पेमेंट मुदतीत केलं नाही तर तो खर्च त्या वर्षी वजाच मिळत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या सुधारल्या. जी एवढं असूनही सुधारत नाही तिच्याकडे मी बघतच नाही. विक्री वाढलेली दाखवतायत आणि सहा महिन्यांवरचं येणं त्याहून जोरात वाढतंय, म्हणजे माल डीलरच्या गोडाऊनला ढकललाय. हे मला दिसतं कारण मी त्या साखळीत उभा आहे, शेअरची पुस्तकं वाचून नाही.

तर क्यूए भाऊ, माझं म्हणणं असं, आपलं ज्ञान कामाला येतं ते कुठला घेऊ नये यासाठी. विजेता कुठला ते मला आजही सांगता येत नाही, इथल्या कंपन्यांचंसुद्धा नाही. बॉशचंच बघा, आम्ही अजून मायकोच म्हणतो, सातपूरची निम्मी घरं तिच्यावर चालली. शेअर २०१५ ला पंचवीस हजाराच्या वर होता, मार्च २०२० ला दहा हजाराच्या खाली, आणि २०२४ ला पस्तीस हजाराच्या वर. डिझेलचं काय होणार, बीएस-६ ला खर्च किती येणार, इलेक्ट्रिक गाड्या किती लवकर येणार, यावर आमच्याकडे रोज चहाच्या टपरीवर चर्चा व्हायची आणि त्या चर्चेतले सगळे तंत्रात हुशार, टूल रूममध्ये आयुष्य काढलेले. दहा हजाराला घ्या असं त्यातलं कोणी म्हणालं नाही, सगळे म्हणत होते डिझेल संपलं.

दिंडोरी_बागाईतदार

आमच्याकडचं थोडक्यात. डिसेंबर २०२२ ला सुलाचा आयपीओ आला, ३५७ ला. द्राक्षवाल्या गावांत केवढी चर्चा, आपली नाशिकची कंपनी, आपली द्राक्षं, आपल्याला नाही कळणार तर कोणाला. मला छाटणी कळते, डावणी रोग कधी येणार ते हवेवरून कळतं, वाइनच्या द्राक्षाला साखर किती उतरली ते बघून कळतं. पण ऑफर डॉक्युमेंट वाचलं तर पहिलीच गोष्ट अशी की सगळा इश्यू जुन्या भागधारकांच्या विक्रीचा, कंपनीत एक रुपया येणार नव्हता. दुसरं म्हणजे राज्य सरकारचा वाइनवरचा २० टक्के व्हॅट आणि त्यातला १६ टक्के परत देणारी योजना, तिचा परतावा नफ्यात केवढा महत्त्वाचा. हे दोन्ही बागेत उभं राहून दिसत नाही. शेअर आधी वर गेला, २०२४ च्या सुरुवातीला सहाशेच्याही पुढे, मग २०२५ मध्ये तीनशेच्याही खाली. मधल्या काळात बागेत बरं पीक, वाईट पीक, अवकाळी सगळं होऊन गेलं आणि त्याचा आणि भावाचा मेळ मला तरी लागला नाही.

गंगापूररोड_सीए

व्हेंडर दादांशी मी भांडणार नाही, उलट छोट्या कंपनीत नाकारण्यासाठी हे ज्ञान वापरणं मला पटतं. दोन गोष्टींची काळजी घ्या फक्त. छोट्या शेअरमध्ये बाहेर पडायच्या दिवशी घेणारा मिळत नाही, लोअर सर्किट (एका दिवसातल्या घसरणीची मर्यादा) लागलं की तुमचं बरोबर असलेलं मतही कागदावरच राहतं.

दुसरं कायद्याचं. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमात फक्त कंपनीचे डायरेक्टर येत नाहीत. कंपनीशी कराराने जोडलेला माणूस कनेक्टेड पर्सन होऊ शकतो, त्यात सप्लायर आला, आणि जाहीर न झालेली, भाव हलवणारी माहिती ज्याच्या हातात आहे तो इनसायडर, मग ती त्याच्याकडे कशीही आलेली असो. उद्या तुम्हाला शेड्यूलवरून कळलं की एका कंपनीची मोठी ऑर्डर रद्द झालीये आणि ते एक्स्चेंजला अजून कळवलेलं नाही, तर तिचा शेअर विकणं हा गुन्हा आहे. दंड किमान १० लाखांपासून सुरू होतो, वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. छापलेल्या रिपोर्टमधून अनुभवाच्या जोरावर अर्थ काढणं पूर्ण कायदेशीर आहे, तिथेच राहा.

अंबडवाला_क्यूए

सगळ्यांचे आभार. काकांचं आणि व्हेंडर भाऊंचं वाचून माझं बरंचसं ठरलं. सहा महिन्यांचा खर्च एफडीत, जमिनीच्या पैशातला मोठा भाग इंडेक्स फंडात वर्षभर थोडा थोडा करून, आणि फार्माचे वेगळे शेअर सध्या नकोत कारण एसआयपीतल्या फंडांकडे ते आहेतच. वॉर्निंग लेटर वाचायचं थांबवणार नाही, त्यातून कामात तर रोज फायदा होतो.

ताई, शेवटचा एक प्रश्न. आमची कंपनी ज्यांच्याकडून एपीआय (औषधातला मूळ सक्रिय घटक) घेते त्या सप्लायरच्या प्लांटच्या ऑडिटला मी जातो. त्यातला एक लिस्टेड आहे आणि छोटा आहे, प्लांट इतका सुंदर ठेवलाय की मी आजवर तसा पाहिला नाही. तो घ्यायला काही हरकत?

गंगापूररोड_सीए

हरकत आहे, घेऊ नका. ऑडिटला जाताना तुमच्या कंपनीने त्यांच्याशी गोपनीयतेचा करार केलेला असतो, तुम्ही त्यांचे बॅच रेकॉर्ड, डेव्हिएशन, कपॅसिटी सगळं आतून बघता, आणि तुमच्याच कंपनीने ऑर्डर वाढवायची की थांबवायची हे तुमच्या रिपोर्टवर ठरतं. म्हणजे भाव हलवणारी माहिती तुम्ही स्वतः तयार करताय. तुमच्या कंपनीच्या कंप्लायन्स ऑफिसरला मेल टाका, तुम्ही डेझिग्नेटेड पर्सनच्या (आतली माहिती मिळते म्हणून शेअर व्यवहारावर बंधन असलेल्यांच्या) यादीत आहात का ते विचारा आणि या सप्लायरचं नाव घालून लेखी उत्तर घ्या. यादीत असाल तर तिमाही संपल्यापासून रिझल्टनंतर ४८ तासांपर्यंत तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या शेअरच्या खरेदी-विक्रीचीही खिडकी तुमच्यासाठी बंद असते, आणि जवळच्या नातेवाइकांनाही ते लागू होतं, म्हणून घरीही सांगून ठेवा.